सुभेदार तात्यांचा तह

वर्तमानपत्रात वाटाघाटींचा फोटो आला, की सुभेदार तात्या हात मिळवणाऱ्या दोन्ही पुढाऱ्यांच्या तोंडावर आपला जाडजूड अंगठा ठेवायचे आणि मागे उभ्या असलेल्या माणसांना निरखत बसायचे. कोण हसतंय, कोण दुसरीकडे बघतंय, कोण नुसतंच अंग चोरून उभं आहे. मग पेपर माझ्याकडे सरकवून म्हणायचे, "मॅडम, ह्यो तह काय टिकत न्हाई. त्यो मागचा गडी बघा, त्वांड कसं केलंय."

वाईजवळच्या आमच्या गावात त्यांचं आणि आमचं घर भिंतीला भिंत लावून होतं. मी साताऱ्याच्या एका कॉलेजात आंतरराष्ट्रीय राजकारण शिकवते. इस्रायल-पॅलेस्टाईन शांतता प्रक्रियेवर माझा चारशे पानांचा प्रबंध आहे आणि माझ्या मार्गदर्शकांनी तरी तो पूर्ण वाचला असावा, अशी मला आशा आहे. तात्यांनी फौजेतल्या नोकरीतलं एक वर्ष संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेची निळी टोपी घालून लेबनॉन आणि इस्रायलच्या सीमेवर काढलेलं. माझ्या प्रबंधाचा सारांश त्यांनी चहा थंड होईपर्यंत ऐकला आणि एवढंच विचारलं, "ह्यात घरची माणसं कुठं हाईत?" मला रागच आला. नंतर पानं चाळली, तर मंत्रिमंडळ टिकवायची धडपड, पॅलेस्टिनी गटांची आपापसातली भांडणं, शेजारच्या राजांचे हिशेब, हे सगळं मी तळटीपांत ढकललं होतं.

मग मी त्यांना वर्गावर बोलावलं. कडक इस्त्रीचा सदरा घालून आले. चूक कोणाची, असं एका मुलीनं विचारलं, तेव्हा म्हणाले, "ते ठरवायला तुमच्या मॅडम हाईत. मी एवढंच सांगतो. हात मिळवणं सोपं हाय. हात मिळवून घरी जायचं, ते लय अवघड." तहावर सही करणाऱ्याला शत्रूनं नव्हे, त्याच्याच देशातल्या माणसानं गोळी घातली, असंही तिथं घडलंय, हे त्यांनी मुलांना सांगितलं तेव्हा वर्ग चिडीचूप झाला. माझ्या तासाला कधी तसा झालेला मला आठवत नाही.

अशा या जाणत्या माणसाचं सख्ख्या धाकट्या भावाशी, अण्णांशी, वीस-एक वर्षं बोलणं नव्हतं. भांडण सामाईक विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून. दोघं रोज सकाळी डेअरीत दूध घालायला जायचे आणि एकमेकांच्या किटल्यांकडे बघून परत यायचे. मग अण्णांच्या नातीचं लग्न ठरलं. एके दिवशी डेअरीतच अण्णांनी पत्रिका पुढे केली आणि म्हणाले, दादा, पोरीच्या डोक्यावर तुझ्या अक्षता पडल्या पाहिजेत. तात्यांनी भावाला तिथंच मिठी मारली.

घरी आले ते हसत. त्यांच्या बायको, आमच्या काकी, पडवीत पावटा सोलत होत्या, मी शेजारी बसले होते. तात्यांनी पत्रिका सुपाजवळ ठेवली. काकींनी ती उचललीही नाही.

"पत्रिका तुमाला दिली. मला कुणी बोलावलंय?"

आमच्याकडे त्या घरच्या बाईनं येऊन या घरच्या बाईला कुंकू लावल्याशिवाय आमंत्रण पोचत नाही. हे तात्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. पण भाऊ भेटला म्हणजे भांडण मिटलं, असं ते धरून चालले होते. तेच ते काकींना समजावायला लागले, तेव्हा काकी म्हणाल्या, "वरीसभर तुमी तिकडं दुसऱ्यांच्या भांडणात उभं हुता. हितं त्या घरच्यांनी इहिरीवरच्या मोटरीच्या खोलीला कुलूप घातलं आन् मी वरीसभर वड्यावरनं हंडं वाहिलं. आल्यावर तरी कवा इचारलं?" त्यांचा आवाज चढला नाही आणि हातही थांबला नाही.

दोन दिवस तात्या पेपरला शिवले नाहीत. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले, "साऱ्या जगाच्या मागं कोण उभं हाय ते बघितलं. माझ्या मागं कोण हाय, ते मातूर बघितलंच न्हाई." त्या दुपारी ते स्वयंपाकघरात काकींच्या समोर जमिनीवर बसले आणि त्या वर्षाबद्दल त्यांनी विचारलं. काकी संध्याकाळपर्यंत सांगत होत्या. शेवटी त्यांनी एकच अट घातली: जावेनं यावं, भर दिवसा, पुढच्या गल्लीनं, सगळ्यांच्या देखत.

जाऊ यायला तयार होती. अडवत होते आटपाडीचे तिचे भाऊ. एवढी वर्षं अण्णांच्या घरात त्यांचाच शब्द चालत होता, आणि तात्या-अण्णा एक झाले की त्यांना कोण विचारणार? तात्यांनी महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीच्या दोन पेट्या घेतल्या आणि एसटीनं आटपाडी गाठली. वयानं लहान असलेल्या त्या मेहुण्यांना हात जोडून सांगितलं, की लग्नात पहिला आहेर तुमचा, त्यानंतर आमचा. परतल्यावर मला डोळा मारून म्हणाले, "शेजारच्या राजांचा मान आधी करावा लागतो, मॅडम. तुमच्या प्रबंधात घाला."

ज्या दिवशी जाऊ यायची होती, त्या दिवशी काकींनी तात्यांना घराबाहेर काढलं. आम्ही दोघं समोरच्या मारुतीच्या पायरीवर बसलो. दोन सैन्यांच्या मध्ये वर्षभर उभा राहिलेला तो माणूस टोपी नुसती हातात फिरवत होता. जाऊ हळदीकुंकवाचं ताट घेऊन गल्लीतून आली आणि उंबऱ्याबाहेर थांबली. काकी बसूनच राहिल्या. जाऊ खाली मान घालून बराच वेळ काहीतरी बोलत होती. आम्हाला ऐकू येत नव्हतं. मग काकी उठल्या, दारापर्यंत आल्या आणि त्यांनी कपाळ पुढे केलं. तात्या माझ्यादेखत रडले, आणि खरं सांगायचं तर मीही.

गेल्या हिवाळ्यात तात्या गेले. दहाव्याला दोन्ही जावा एकाच चुलीवर स्वयंपाक करत होत्या. सगळं आवरल्यावर मी काकींजवळ बसले आणि म्हणाले, तात्यांनी केवढं जुळवून आणलं.

"त्यांनी न्हाई जुळवलं गं पोरी. आमी दोघी जावांनी जुळवलं," काकी म्हणाल्या. मग डोळ्यांना पदर लावून पुढे म्हणाल्या, "पर त्यांनी इचारलं. उशिरा का हुईना, मला इचारलं."