अंगठ्याशेजारचं बोट

माणूस तोंडाने खोटं बोलेल, डोळ्यांनी बोलेल, पायांनी नाही बोलणार, असं मापाड्याचं म्हणणं. गल्लीने त्याला ठेवलेलं हे नाव. बूट शिवण्यात चाळीस वर्षं गेली होती; म्हणायचा हक्क होता. कुणी मोजे काढून समोरच्या स्टुलावर बसलं, की तो चेहऱ्याकडे न बघता विचारी, "कोपऱ्यावरच्या न्हाव्याचे तुम्ही कोण?" समोरचा चाट पडून म्हणे, "पुतण्या."

त्याच्या स्वतःच्या घराण्याचे पाय एका जाड वहीत होते. वही वडिलांनी सुरू केलेली. आजोबा, काका, आत्या, ताई... ज्याचा त्याचा पाय कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवलेली आणि खाली वय. सगळ्यांची खूण एकच: अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यापेक्षा नखभर लांब. मापाड्याचं तेवढं आखूड. "आईवर गेलाय," वडील म्हणत, आणि विषय तिथेच मिटे.

वहीचा नियम होता, आपलं पान आपण बघायचं नाही. "कारागीर स्वतःच्या पायाशी लबाडी करतो," वडील सांगत.

नियम त्याने पाळला, पण मनात अढी धरून. सगळ्या गावाला कातडीसारखे बसणारे बूट शिवणारे वडील पोराच्या बुटात मात्र दरवर्षी चुकत. पुढे नखभर पोकळी राही.

"बाबा, पुढे रिकामं लागतंय."

"कापूस घाल. पाय भरेल."

पाय कधी भरला नाही. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा एकदा त्याच्या तोंडून निघून गेलं, "जगाची मापं घेतलीत. माझ्या पायाकडे तेवढं धड पाहिलं नाहीत." वडिलांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. आठवड्याने ते गेले. पुढे मापाड्या स्वतःचे बूट स्वतः शिवू लागला, पण वडिलांनी त्याच्यासाठी घडवलेल्या त्याच लाकडी साच्यावर. अढीचीही सवय होते.

ताईची मुलगी वाचनालयात कामाला. तिला घराण्याचा तक्ता करायचं वेड लागलं. नावं झाली, सनावळ्या झाल्या, मग डीएनए तपासणी निघाली. मामाची, आईची आणि चुलतमामाची थुंकी नळीत भरून पाठवायची.

"रस्त्यात थुंकलं तर लोक शिव्या देतात," ताई म्हणाली, "आणि ही टपालाने मागवतेय!"

मापाड्या मात्र हौसेने थुंकला. महिन्याने भाचीने पुन्हा मागितली, तेव्हाही थुंकला. आपल्या घराण्याचे पाय कुठून कुठून चालत आले, ते त्याला बघायचं होतं.

एका दुपारी भाची दुकानात आली.

"मामा, शटर अर्धं ओढू?"

"का गं? कोण गेलं?"

ती स्टुलावर बसली. "आई आणि चुलतमामा बरोबर जुळतात. तुमचं चुलतमामांशी काहीच जुळत नाही. आणि आईशी... अर्धंच. तुमची दोघांची आई एक, एवढंच."

"थुंकी बदलली असेल."

"म्हणून तर तुम्हाला दुसऱ्यांदा थुंकायला लावलं, मामा."

त्याने हातातली आरी खाली ठेवली.

"आईला अजून सांगितलं नाही," भाची हळू म्हणाली. "तुम्ही म्हणाल ते लिहीन. तक्त्यात आजोबांच्या खाली तुम्हाला ठेवू की..."

तो उठला आणि फळीवरची वही काढली. आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं पान उघडलं. विसाव्या वर्षाचं. बूट काढला, आतला कापसाचा बोळा लादीवर पडला. पाय कागदावर ठेवला. टाच जुळली, कड जुळली, अंगठा रेघेला टेकला. शेजारचं बोट मात्र अलीकडेच राहिलं. रेघ नखभर पुढे गेली होती.

हात हलला असेल म्हणावं, तर एकोणिसाव्या वर्षीही तेच. बाराव्या वर्षीही. एकेक पान मागे जात तो पहिल्यावर आला. वय एक वर्ष. मुठीएवढं पाऊल, आणि त्यावरही ते बोट नेमकं घराण्याइतकं लांब. हलक्या, सावकाश हाताने काढलेलं.

म्हणजे पहिल्या पानापासून त्यांना माहीत होतं. दरवर्षी पोराचा पाय मांडीवर घ्यायचा, आखूड बोट बघायचं आणि कागदावर ते पुरं करायचं. त्या माणसाला तो शेवटी काय बोलला होता? तुम्ही धड पाहिलं नाहीत.

"मामा?" भाचीने खांद्याला हात लावला. "काय लिहू?"

"आहे ते राहू दे. माप त्यांनी घेतलंय."

ती डोळे पुसत निघून गेली. मापाड्याने बोळा उचलला, बुटात पूर्वीच्याच जागी दाबून बसवला. वर वडिलांच्या फोटोकडे बघायचा धीर झाला नाही.

थोड्या वेळाने गिऱ्हाईक आलं. स्टुलावर बसून त्याने मोजे काढले, आणि सवयीने त्या ठरलेल्या प्रश्नाची वाट बघू लागला.

मापाड्याने कागद सरकवला, पेन्सिल फिरवली. तो कुणाचा कोण, ते विचारलं नाही.