अथालच्या कबड्डीचं तिकीट

सिल्वासात एका कारखान्यात नोकरीला लागलो तेव्हा बायको-मुलं नाशिकलाच राहिली. रविवार खायला उठायचा, म्हणून मी जवळच्या अथाल गावी कबड्डीचे सामने बघायला जायचो. मैदानाभोवती कनात लावलेली असे आणि दाराशी एक बाई वीस रुपयांचं तिकीट फाडून देत. माझ्या शेजारी नेहमी धुळ्याकडचा एक कामगार बसायचा. तो सुताच्या कारखान्यात होता. शेंगदाण्यांची पुडी पुढे करून म्हणायचा, "घ्या ना भाऊ, एकट्यानं काय खायचं?"

दिवाळीनंतर गर्दी विरळ होत गेली. मी बाईंना विचारलं, "लोकांना खेळाचा कंटाळा आला का?"

"कंटाळा कसला, साहेब? ओव्हरटाइम बंद झाला की पहिलं आमचं तिकीट सुटतं. किराण्याला कात्री नंतर लागते."

सोमवारी कारखान्याच्या मीटिंगमध्ये आमच्या मालाला मागणी चांगली असल्याचे आलेख दाखवले गेले. मी बाईंचं म्हणणं सांगितलं, तर सगळे हसले. महिन्याभरात आमच्याच कारखान्यातल्या दोन उत्पादन लाइनी बंद पडल्या. आपलं खरं ठरलं याचा मला काडीचाही आनंद झाला नाही.

त्यानंतरच्या रविवारी शेजारची खुर्ची रिकामी होती. सुताच्या कारखान्यातली बरीच माणसं गावी गेल्याचं बाईंकडून कळलं. त्याला फोन करावासा वाटला, पण इतके महिने शेजारी बसून मी त्याचं नावसुद्धा विचारलं नव्हतं. सामना संपला तरी मी तसाच बसून राहिलो. शेवटी बाई जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "साहेब, खुर्च्या उचलायच्या आहेत."