साडूंची रिलीजची चाळणी

उद्या साक्षात ब्रह्मदेव पनवेलच्या एसटी स्टँडवर उतरला, तरी माझे थोरले साडू त्याला नमस्कार नंतर करतील, आधी विचारतील, "आपण कुठल्या रिलीजचे?" पृथ्वीवरच्या यच्चयावत वस्तूंना हा प्रश्न त्यांनी विचारून झालेला आहे. दोष त्यांचा नाही, त्यांच्या लिनक्सवाल्या कॉम्प्युटरचा. त्या लिनक्सची म्हणे दर काही वर्षांनी नवी आवृत्ती येते, तिला रिलीज म्हणायचं. आपण नव्या रिलीजवर गेलो तरी जुन्यातले काही प्रोग्रॅम, म्हणजे पॅकेजं, आतच ठाण मांडून बसतात, लग्न उरकलं तरी न हलणाऱ्या पाहुण्यांसारखी. साडू एक ओळ टाइप करतात आणि पॅकेज मॅनेजर नावाचा आतला कारभारी, कोण कुठल्या रिलीजमधून आलंय ते चाळून समोर ठेवतो. ही चाळणी त्यांनी पिठाला लावली असती, तर अख्ख्या तालुक्याच्या भाकऱ्या निघाल्या असत्या.

पुढे चाळणी कॉम्प्युटरबाहेर आली. मासळी बाजारात सुरमई हातात धरून, ही उरणची की बर्फातली, आजच्या फेरीची की कालच्या, अशी त्यांची चौकशी सुरू झाली की मागे रांग लागते. शेवटी कोळीण म्हणाली, "दादा, मासा घ्याचा हाय का त्याची सोयरीक जमवाची हाय?" आमच्या आगरी हळदीत ते कोपऱ्यात खुर्ची टाकतात आणि गळ्यातल्या साखळीच्या जाडीवरून पाहुणे चाळतात: हा विमानतळाला गेलेल्या जमिनीचे पैसे येण्याआधीचा, हा नंतरचा. एकदा नवऱ्याच्या मामाला त्यांनी तोंडावर जुन्या रिलीजचा म्हटलं. मामाला ती पदवी वाटली आणि मांडवभर तो तीच मिरवत फिरला. मी कामोठ्याला टॉवरमध्ये राहायला गेलो, तर माझ्याबद्दल निकाल असा, की बिल्डिंग नवी, आतलं पॅकेज गावचंच.

मागे नवं रिलीज आलं तेव्हा मी त्यांच्याकडेच चहाला होतो. त्यांनी चाळणी फिरवली, जुन्या रिलीजचं जे जे मागे राहिलं होतं ते एका फटक्यात उडवलं, आणि गड जिंकल्यासारखे हॉलमध्ये येऊन बसले. तेवढ्यात आतून त्यांच्या आईची हाक आली, "माजं पत्तं कुटं गेलं?"

आईंचा जन्म मिठागरात गेला. मिठागरं गेली आणि हात रिकामे झाले, तेव्हा साडूंनीच त्यांना कॉम्प्युटरवर एकटीने लावायचा पत्त्यांचा डाव शिकवला होता. रोज दुपारी जेवण झालं की त्या, आणि ते बावन्न पत्ते. तोच खेळ नव्या रिलीजने वगळला होता, म्हणून चाळणीत सापडला आणि गेला. साडूंनी समजावलं, की तो जुना झाला, आता त्याच्याकडे कोणी बघत नाही; आणि चमचमणारा नवा खेळ लावून दिला. आईंनी तो पाहिला, चष्मा काढून बाजूला ठेवला आणि शांतपणे म्हणाल्या, "मी बी जुनीच हाय रं. मना कदी काढतंस?"

एवढं बोलून त्या भिंतीकडे तोंड करून आडव्या झाल्या. साडूंचा चेहरा उकडलेल्या पापलेटासारखा झाला. आमचा चहा गार झाला, दुसरा आला, तोही गार झाला. त्यांनी जुन्या रिलीजचं दार परत उघडलं. खेळ म्हणे एकटा येत नव्हता, त्याला त्याचे जुने सोबती हवे होते, त्या सोबत्यांना आणखी त्यांचे. एकाला जत्रेचं आवतण दिलं की खटारा भरून माणसं उतरावीत तसं ते खानदान उतरलं. दिवेलागणीला पत्ते आले. साडूंनी त्या सगळ्यांवर 'यांना हात लावायचा नाही' अशी खूण केली आणि आईंना उठवायला स्वतः गेले.

त्यानंतर रिलीजं आली नि गेली. चाळणी फिरतेच, ते पत्त्यांचं खानदान तिच्यात दिसतंच, आणि साडू जणू दिसलंच नाही असे खाली सरकतात.

परवा गेलो होतो. आईंना आता स्क्रीन दिसत नाही. साडू कॉम्प्युटरसमोर, शेजारी आई डोळे मिटून.

"आई, काळी नव्वी आली."

"लाल दश्शी मोकली हाय ना? तिच्यावं ठेव."

त्यांनी ठेवली. मला राहवलं नाही. म्हटलं, "काय साडू, अजून जुन्याच रिलीजवर?"

त्यांनी मान वळवली नाही. "हळू बोला," म्हणाले, "डाव चालू आहे."