आन्सेल्मोचा चौक आणि चहाच्या गाळण्या

आन्सेल्मो मूळचा स्पेनमधल्या सारागोसाचा आणि जावई कॉव्हेंट्रीतल्या मराठी घराचा. आर्किटेक्ट झाला, वर नगररचना शिकला. आणि इतकं शिकून पठ्ठ्याने इंग्लंडात वर्षानुवर्षं काय आखलं, तर गाड्या लावायच्या जागा!

२००६ साली मात्र एका नव्या वसाहतीत त्याला खराखुरा चौक करायला मिळाला. मधोमध बिचारं कुडकुडणारं संत्र्याचं झाड, भोवती दगडी बाकं. सारागोसात संध्याकाळी अख्खं गाव चौकात येऊन बसतं, तसं इथेही बसेल, ही त्याची भाबडी समजूत. लोक घरातून निघत ते तडक गाडीत शिरत. आन्सेल्मो रोज बाकावर बसून एकटाच गर्दी करायचा.

शेवटी कौन्सिलने कळवलं, शनिवारी कमिटी पाहणीला येईल. चौक वापरात दिसला नाही तर तिथे पार्किंग. आणि ते आखायचं कोणी? आन्सेल्मोनेच!

त्याचं जेवणावरचं लक्ष उडालं.

"सुप्रभा, शनिवारचं हळदीकुंकू चौकात कर ना."

"जानेवारीत? बायकांची कुल्फी करायचीय का तुला?"

"अगं, माझा जन्म फुकट जाईल!"

"लग्नाआधी माझ्या आईला हीच भीती होती, माझ्याबद्दल," असं म्हणत बायको तयार झाली.

शनिवारी भुरभुर पाऊस. थर्मलवर पैठणी नेसून सुप्रभाने टेबल मांडलं. हळदकुंकू, तिळगूळ आणि वाण म्हणून चहाच्या गाळण्या. ओव्हरकोटातल्या बायका शिस्तीत एकामागे एक उभ्या राहिल्या.

"रांग नको हो! पसरा, बसा, भांडा! चौक आहे हा!" आन्सेल्मो कळवळला.

पण रांग दिसल्यावर इंग्रज माणसाचा पाय पुढे निघतोय होय? कुत्रा फिरवणारे एक आजोबा मुकाट्याने रांगेत मागे उभे राहिले. त्यांच्यामागे बाबागाडीवाल्या दोघी. कशाची रांग, हे विचारणं म्हणजे असभ्यपणा. संत्र्याच्या झाडाला वेढा पडला. कमिटीच्या बाई आल्या त्याही आधी रांगेतच शिरल्या. नंबर आल्यावर कपाळावर कुंकू आणि हातात गाळणी घेऊन म्हणाल्या, "किती मनापासून वाट पाहतात हो इथे लोक!"

चौक वाचला. मात्र वाट पाहणाऱ्यांची सोय म्हणून कौन्सिलने तिथे बसथांबा उभारला, छपरासकट. त्या बाजूला बस जात नाही, ही बाब कोणाच्या ध्यानात आली नाही. आन्सेल्मो अंथरुणाला खिळला.

उठून पाहायला गेला, तर बाकं भरलेली!

"बस कधी आहे?" त्याने आजोबांना विचारलं.

"येईलच की. बसा ना. माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन सांगत होतो यांना."

पलीकडे कोणी बिस्किटं वाटत होतं, दोघीजणी आपापल्या सुनांच्या चुगल्यांत रंगल्या होत्या. हुबेहूब सारागोसा! आन्सेल्मो डोळे पुसत टेकला.

आता त्याला धास्ती एकच. बस कंपनीतल्या एखाद्या शहाण्याने खरंच बस सुरू केली, तर सगळे उठून जातील.