वय वर्षे एकोणीस

शेवटच्या साध्या दिवशी आई पावट्याच्या शेंगा सोलत होती आणि निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी आरोग्य खात्याला नावं ठेवत होती. दुसऱ्या दिवशी ती उठलीच नाही.

आज दुपारी मी तिच्याच पलंगावर आडवी झाले आहे. डोळा लागतो न लागतो तोच शेंगा सोलल्याचा आवाज येतो. ओट्याच्या जागी सरकारी दवाखान्याचा बाक आहे. त्यावर मुली बसल्या आहेत, पोटं दिसू लागलेल्या, दोन वेण्यांच्या. रांग दाराबाहेर, आमच्या जिन्यावरून खाली गेली आहे.

आईपुढे रजिस्टर, हातात लाल पेन्सिल. कोवळ्या वयातली गरोदरपणं थांबवणं हे आरोग्य अधिकारी म्हणून तिच्या उभ्या नोकरीचं काम. खरं वय लिहिलं की चौकशी मागे लागते, मग घरचे मुलीला दवाखान्यातच आणत नाहीत. म्हणून नर्सबाई सरसकट एकोणीस लिहीत. आई प्रत्येक एकोणिसाभोवती लाल गोल काढून रजिस्टर परत पाठवी. तुमच्या तालुक्यात मुलींना सतरावं लागतच नाही का, असं तिने एकदा बैठकीत विचारलं. एक जुन्या सिस्टर म्हणाल्या, "लागतं ना मॅडम. तुमच्या रकान्यात बसत नाही."

"वय?" आई विचारते.

"एकोणीस." सगळ्या मुलींचा आवाज एकच आहे.

माझा नंबर येतो तेव्हा भिंती पांढऱ्या झालेल्या असतात. हे परगावचं हॉस्पिटल. बारावीच्या सुट्टीत मला दिवस गेले, तेव्हा आईने मला इथे आणलं होतं. केसपेपर तिनेच भरला. वयापुढे, तिच्या वळणदार अक्षरात, एकोणीस. परतताना एसटीत तिने मला संत्रं सोलून दिलं. पुढे कधी आम्ही तो विषय काढला नाही.

तोच कागद ती माझ्यापुढे सरकवते. त्यावर गोल नाही.

"काढ ना," मी म्हणते.

"माझा हात उचलत नाही गं." ती मान वर करत नाही. पेन्सिल माझ्या हातात देते. तिची बोटं ओल्या शेंगांसारखी गार आहेत. "तू काढ."

जाग येते. भिंतीवर ऊन. ती पेन्सिल मी स्वतः तिच्या चितेवर ठेवली होती. माझ्या अंगठ्याच्या नखात लाल चुरा आहे.

रिकाम्या खोलीत मी मोठ्याने म्हणते, "आई, मी सतरा वर्षांची होते."