क्लॅरेन्स पूलचे केस

शरद लागला की आमच्या शेजारचा क्लॅरेन्स पूल अंगणातल्या कुंपणाशी उभा राहतो, टोपी काढतो, चकचकीत टकलावरून हात फिरवतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणतो, "इथे एकेकाळी रान होतं, रान!" मग वेदरबी कॉलेजच्या फुटबॉलची गोष्ट. ती तो अर्धीच सांगतो. उरलेली मी सांगते.

आमचा फुटबॉल म्हणजे चेंडू काखेत घेऊन टकरा द्यायचा खेळ, आणि तेव्हा पोरं डोक्याला काही बांधत नसत. उन्हाळ्यापासून केस वाढवायचे, कवटीला तेवढीच गादी. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाला होणाऱ्या शेवटच्या सामन्यापर्यंत कात्री लावायची नाही, अशी सगळ्या संघाची शपथ. मैदानात उतरली की अकरा बुजगावणी चालत आल्यासारखी दिसत. सगळ्यांत दाट केस आमच्या क्लॅरेन्सचे. असणारच! बाकीच्यांचे केस समोरच्या संघातले गडी मूठमूठ उपटून न्यायचे. याचे कोण उपटणार, बाक?

तीन वर्षं त्याने घोंगडी पांघरून बाक उबवला होता. चौथं वर्ष शेवटचं. एका सामन्यात घडीभर जरी पाय मैदानात पडला, तरी स्वेटरवर छातीशी लावायला कॉलेजच्या नावाचं मानाचं अक्षर मिळायचं. तेवढ्यासाठी स्वारी झुरत होती. त्या हंगामात संघ एकामागून एक सामने जिंकत गेला, आणि क्लॅरेन्स घोंगडी झटकत राहिला.

शेवटच्या सामन्यानंतर त्याला जेवायचं आमंत्रण होतं लव्हिनिया टटलच्या घरी; तिच्यावर त्याचं मन जडलं होतं. तिचे वडील इफ्रम टटल म्हणजे चर्चमधलं मोठं प्रस्थ. त्यांनी बजावलं, "केसाळ मेंढरू माझ्या टेबलाशी बसणार नाही."

क्लॅरेन्सने विचार केला (तो अधूनमधून करतो), की आजवर कुणी मैदानात बोलावलं नाही, आज कोण बोलावतंय? सामन्याच्या दिवशी सकाळी मागच्या दाराने न्हाव्याकडे गेला आणि डोक्यावर लोकरी टोपी ओढून बाकावर येऊन बसला.

उत्तरार्धात आमच्या गस लिंडक्विस्टचं गळ्याखालचं हाड मोडलं. बदली गडी आधीच संपले होते. कोच हॅगर्टी ओरडले, "पूल! ऊठ!"

क्लॅरेन्स उठला. घोंगडी पडली, घाईत टोपीही पडली.

"अरे गाढवा, हे काय?"

"कापले, सर."

"आजच?"

"एकदाच जाऊ द्या ना, सर. लागलं तर लागलं."

कप्तान मैदानातूनच गरजला, "शपथ मोडणारा आत आला तर मी बाहेर!"

"बस खाली," हॅगर्टी म्हणाले. "डोकं फुटलं तर तुझ्या आईला काय सांगू, हजामत छान झाली होती?"

दहाजण खेळले आणि हरले. मैदानाच्या कुंपणापाशी मी उभी होते. तिथे सगळ्यांत मोठा आवाज कुणाचा? इफ्रम टटलांचा! "कोण रे तो भादरलेला बावळट? चार केस राखता आले नाहीत मेल्याला!"

तासाभराने तोच बावळट त्यांच्या समोर टर्की खायला बसला. म्हातारा त्याच्या डोक्याकडे बघत राहिला आणि शेवटी म्हणाला, "बटाटे घे."

हल्लीची पोरं चामड्याची टोपी घालून खेळतात. क्लॅरेन्स त्यांना भेकड म्हणतो. बोलताना हात छातीवर असतो, अक्षर असायला हवं होतं नेमका तिथे. तो रंगात आला की स्वयंपाकघरातून लव्हिनियाची हाक येते, "पुरे झालं! टोपी घाल आधी, सर्दी होईल!"

आणि तो घालतो.