पायरीवरचे सल्लागार आणि सनाची टीम

ग्राउंडला एक पायरी असली की किस्से आपोआप साचतात. ते कुणी मुद्दाम गोळा करत नाही. सकाळी फिरायला आलेली माणसं दोन मिनिटं टेकायला म्हणून बसतात, मग फिरणं राहतं बाजूला आणि गप्पाच लांबतात. अमरावतीच्या आमच्या व्हॉलीबॉल ग्राउंडच्या पायरीवर आम्ही चौघं असतो. मी, म्हणजे ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवून घसा बसलेली बाई. उपासनी गुरुजी, ज्यांच्या मुहूर्तावर निम्म्या गावाची लग्नं लागली. देशपांडे वकील, जे कोर्टात कमी आणि पायरीवर जास्त बोलतात. आणि इक्बालभाई, मोर्शीकडचे संत्र्याचे बगीचे झाडावरच सौदा करून घेणारे व्यापारी. आमच्यापैकी एकानेही कधी व्हॉलीबॉलला हात लावलेला नाही. म्हणूनच खेळाबद्दल आमची मतं इतकी ठाम आहेत!

गेल्या वर्षातले बरेचसे किस्से इक्बालभाईंच्या मुलीचे, सनाचे. सना सोळा वर्षांची, अमरावतीच्या मुलींच्या टीमची लिफ्टर. म्हणजे दुसरीने स्मॅश मारावा म्हणून जाळीपाशी बॉल अलगद उचलून देणारी. तिने अमरावतीतच राहायचं की अकोल्याच्या टीममध्ये जायचं, हे ठरवायची जबाबदारी आमच्या पायरीने अंगावर घेतली होती. अर्थात कुणी सांगितलेलं नसताना!

*

आधी बोंडे सरांविषयी सांगते. बोंडे सर शाळेतून रिटायर झाले, ग्राउंडवरून झाले नाहीत. सना एवढीशी होती तेव्हापासून तिला त्यांनीच शिकवलं. माणूस अतिशय कमी बोलणारा. सर महिनाभरात जेवढं बोलतात तेवढं आमचे वकील एका चहात बोलतात.

एकदा घरच्या ग्राउंडवर मॅच होती. आमच्या पोरी पॉइंटवर पॉइंट घेत होत्या. गुरुजींना इतका आनंद झाला की ते उभेच राहिले आणि ओरडले, "सर, टाइमआउट घ्या, टाइमआउट! पोरींना शाबासकी द्या!"

मॅच संपल्यावर सर सरळ पायरीकडे आले.

"गुरुजी, टाइमआउट कवा घ्याचा असते? समोरचा पॉइंट घेऊन राहिला अन् आपली पोट्टी घाबरली, तवा. एका सेटमंधी दोनच भेटते. आपलं चालून राहिलं असताना जो टाइमआउट घेते, तो चालत्या गाडीतून उतरते!"

सरांकडून एवढं लांब वाक्य आम्ही पहिल्यांदाच ऐकलं. गुरुजींनी ते मनावर घेतलं. पुढे एका लग्नात हार घालणं अगदी रंगात आलं असताना फोटोग्राफर "एक मिनिट थांबा" म्हणाला, तर गुरुजी अंतरपाट हातात घेऊन ओरडले, "अरे, चालत्या गाडीतून उतरू नका!" मंडपात कुणालाच काही कळलं नाही, पण हार गळ्यात पडले.

*

अकोल्याच्या इंगळे मॅडमनी सनाला एका स्पर्धेत पाहिलं आणि पुढच्याच रविवारी त्या इक्बालभाईंच्या घरी हजर! अकोल्यात त्यांची मुलींची टीम आहे, बंद हॉल आहे, हॉस्टेल आहे, कॉलेजच्या अॅडमिशनचंही त्या पाहतात. फक्त एक गोष्ट त्यांनी स्वच्छ सांगितली. "माझ्याकडे एक सीनियर लिफ्टर आहे. सुरुवातीचे काही महिने सनाला बाकावर बसावं लागेल. पण शिकेल ती."

म्हणजे इथे राहिली तर रोज खेळायला मिळणार, पण टीम विभागाच्या पुढे जात नाही. तिथे गेली तर टीम राज्यापर्यंत जाते, पण ही बसून राहणार. आणि एका सीझनमध्ये एकाच टीमकडून खेळता येतं. नाव दिलं की दिलं.

दुसऱ्या दिवशी इक्बालभाई पायरीवर आले ते चेहरा पाडूनच.

"बाई, सारी जिंदगी सौदे केले मी. संत्रा विकाले गेलो का समोरचा भाव पाडते, मी चढवतो. या मॅडम माह्याच घरी बसून, माह्याच बायकोच्या हातचे पोहे खाऊन, माह्याच पोरीचा भाव चढवून राहिल्या! आता मी काय करू? पाडू?"

"भाभी काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"ते म्हनते, पोरगी आहे, संत्रा नोहे. गप बसा."

*

वकिलांनी मग रीतसर खटला चालवायचं ठरवलं. ते स्वतः अकोल्याच्या बाजूने, गुरुजी अमरावतीच्या बाजूने, मी न्यायाधीश. सनाला समोर बसवलं. प्रॅक्टिस संपवून आलेली, घामाने भिजलेली पोर, हातात पाण्याची बाटली.

वकील म्हणाले, "खेळाडूने मोठ्या पाण्यात उतरायलाच हवं!" गुरुजी म्हणाले, "पण उतरल्यावर काठावरच बसवणार असतील तर?" वकील म्हणाले, "शिस्त!" गुरुजी म्हणाले, "माया!" आवाज इतके चढले की शेजारच्या चहावाल्याने गॅस बारीक केला. अर्ध्या तासाने माझ्या लक्षात आलं की वकील अमरावतीचं गुणगान करताहेत आणि गुरुजी अकोल्याचं! दोघांनी एकमेकांना पटवलं होतं.

मी सनाकडे वळले. "तुला काय वाटतं गं?"

सना शांतपणे उठली. "बाई, आज तारीख द्या. मले ट्यूशन आहे."

*

इक्बालभाईंनी शेवटी गुरुजींनाच गाठलं. "गुरुजी, साऱ्या गावाचं पाहता. माह्या सनाचं पाहून द्या ना एकडाव."

गुरुजी एकदम गंभीर झाले. "इक्बालभाई, पोरीचं पुढचं पंचांगात पाहायचं नसतं. ग्राउंडवर पाहायचं असतं."

आम्ही सगळे थक्क! गुरुजींच्या तोंडून हे? वकिलांनी तर हात जोडले. मला खरंच भरून आलं. वाटलं, इतकी वर्षं शेजारी बसून आपण या माणसाला ओळखलंच नाही.

थोड्या वेळाने वकील आणि इक्बालभाई चहा सांगायला गेले, तेव्हा गुरुजी माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "पाहिलं होतं हो मी, कालच. दोन्हीकडे उत्तम निघालं. म्हणून तर काही कामाचं नाही!"

*

मग अकोला पाहून यायचं ठरलं. इक्बालभाईंच्या गाडीत सना, मी, आणि "मी आलोच पाहिजे" म्हणून पुढच्या सीटवर बसलेले गुरुजी. वकिलांची तारीख होती, ते तोंड पाडून कोर्टात गेले.

हॉस्टेलच्या मेसमध्ये गुरुजींनी मोठी तपासणी चालवली. त्या दिवशी नेमकी त्यांची चतुर्थी! मग त्यांनी ताट माझ्यासमोर ठेवायला लावलं आणि स्वतः शेजारी बसून विचारत राहिले. "वरण कसं आहे? पोळी मऊ आहे का? भाजीत तेल किती?" मी चौथी पोळी खाऊन सुटले. शेवटी गुरुजींनी मेसवाल्या मावशींना जाहीर केलं, "जेवण चांगलं आहे. बाईंनी खाल्लंय, पण मला कळलं."

मॅडमनी सनाला थोडा वेळ खेळवलं, मग बाकावर बसवलं. ती बाकाच्या टोकाला हाताची घडी घालून बसली होती. इक्बालभाईंना ते पाहवेना. ते हॉलच्या बाहेर जाऊन उगाच गाडीची काच पुसत बसले. माझ्या मनात आलं, आपल्या ग्राउंडवर हिच्याशिवाय बॉल हलत नाही, आणि इथे पोर परकी होऊन बसलीय!

येताना मूर्तिजापूर मागे पडलं. मग सनाच म्हणाली, "बाई, तुमी पाहिलं का? तिकडच्या पोरी बॉल पडला तं एकमेकीकडे पाहतच नाही. कोनाच्यानं पडला, हे कोनी इचारतच नाही. लगेच पुढच्या बॉलवर."

"मग जायचं का?"

ती खिडकीबाहेर पाहतच म्हणाली, "सरांनी हो म्हनलं तं जाईन. नाही तं नाही."

झालं! आता सगळा मामला आला बोंडे सरांवर, म्हणजे महिन्याला चार वाक्यं बोलणाऱ्या माणसावर.

*

नाव द्यायचा दिवस जवळ येत होता आणि सर गप्प. अकोल्याची बातमी ग्राउंडवरच्या कुत्र्यांनासुद्धा माहीत होती, पण सर सनाला रोजच्यासारखंच शिकवत होते, कोपर वर, गुडघे वाकव, एवढंच.

आम्ही वकिलांना पाठवलं. ते मोठी प्रस्तावना करून परत आले. सरांचं उत्तर होतं, "मले कोनी काई इचारलंच नाही, तं सांगू काय?" मग इक्बालभाई संत्र्याची पेटी घेऊन गेले. सरांनी एक संत्रं सोललं, सगळ्या फोडी सावकाश खाल्ल्या आणि म्हणाले, "गोड आहे." बस्स! स्वतः सना तर सरांसमोर उभी राहिली की तिची वाचाच बसायची.

मग एका सकाळी आम्ही पाहिलं, तर सनाच्या जागेवर जाळीपाशी दुसरीच मुलगी उभी. मोर्शीहून नुकतीच आलेली प्राची, लांब हाताची, घाबरट. सना बाजूला. ती तशीच चालत पायरीपर्यंत आली आणि माझ्या शेजारी बसून हमसून रडायला लागली. "बाई, सरांनी मले काढलं!"

इक्बालभाई ताडकन उठले. तेवढ्यात ग्राउंडमधून सरांचा आवाज आला.

"सना! रडून काय राहिली तिथं? इकडे ये, इले बॉल उचलाचा शिकव. तू गेल्यावर मले कोन आहे इथं?"

सना उठली. डोळे पुसत पुसत हसली, परत रडली, आणि पळत गेली.

इक्बालभाई आमच्याकडे पाहत राहिले. "वकीलसाहेब, हा हो झाला का नाही झाला?"

वकिलांनी चष्मा पुसला. "इक्बालभाई, एवढा स्पष्ट निकाल मला आजवर कोर्टात मिळालेला नाही."

*

सना अकोल्याला गेली. बरेच महिने बाकावर बसली. फोनवर भाभींशी बोलताना आवाज नीट ठेवायची आणि माझ्याशी बोलताना रडायची. "बाई, मी चुकले का?" मी म्हणायची, "थांब जरा." दुसरं काय सांगणार? मलाही ठाऊक नव्हतं.

मग डिसेंबरात तिचा फोन आला. सीनियर लिफ्टर आजारातून नुकतीच उठली होती, म्हणून मॅडम पुढच्या मॅचला सनाला पहिल्यापासून खेळवणार होत्या. मॅच कुणाशी? अमरावतीशी! आणि तीही अमरावतीतच, इनडोअर हॉलमध्ये.

आम्ही चौघंही गेलो. कुणाच्या बाजूने ओरडायचं, यावर वाटेत भांडण झालं आणि शेवटी कुणीच ओरडायचं नाही असं ठरलं. मॅचआधी सना सरांना भेटायला गेली. सरांनी तिच्या पायांकडे पाहिलं. "नाडी बांध बुटाची," एवढंच म्हणाले.

पहिला सेट अमरावतीने घेतला, दुसरा अकोल्याने. शेवटच्या सेटमध्ये सनाचं काय बिनसलं कोण जाणे. समोर सर, जाळीपलीकडे तिनेच शिकवलेली प्राची, वर गॅलरीत सगळी ओळखीची तोंडं. एक बॉल जाळीत गेला, एक डोक्यावरून मागे. अमरावतीचे पॉइंटवर पॉइंट! इंगळे मॅडमनी टाइमआउट घेतला. परत तेच. मॅडमनी दुसराही घेतला. परत तेच. आता मॅडमकडे टाइमआउट उरला नव्हता. त्यांनी बाकाकडे खूण केली, आणि सीनियर लिफ्टर उठून जर्सी नीट करायला लागली.

इक्बालभाईंनी डोळे मिटून घेतले. मला कळत होतं, पोर आज इथून अशी उठली तर पुन्हा हिमतीने जाळीपाशी उभी राहणार नाही.

आणि बोंडे सरांनी हातांची खूण करून टाइमआउट मागितला.

वकील ओरडलेच. "अहो सर, आपलं चालू आहे! आपलं चालू आहे ना!" गुरुजींनी त्यांचा दंड घट्ट धरला आणि खाली बसवलं.

रेफरीने शिट्टी वाजवली. अमरावतीच्या पोरी एकमेकींकडे पाहत बाहेर आल्या. सर त्यांना काहीच बोलले नाहीत, नुसत्या पाण्याच्या बाटल्या पुढे केल्या. पलीकडे मॅडमनी सनाच्या खांद्यांवर दोन्ही हात ठेवले आणि तिच्याशी बोलत राहिल्या. सनाने डोळे पुसले, मान हलवली. मॅडमनी बाकाकडे पाहून नको म्हणून खूण केली, आणि सीनियर लिफ्टर परत खाली बसली.

पुढचा बॉल सनाने उचलला तो अलगद, जाळीला समांतर, ग्राउंडवर रोज उचलायची तसा. त्यानंतर ती थांबलीच नाही. मॅच अकोल्याने घेतली.

आम्ही खाली उतरलो तेव्हा सर एकटेच बॉल पिशवीत भरत होते. गुरुजी त्यांच्याजवळ गेले. हळूच म्हणाले, "सर, चालत्या गाडीतून उतरलात?"

सरांनी पिशवीची नाडी ओढली.

"ऊन लय होतं, गुरुजी. पोट्ट्याईले तहान लागली असन."

आम्ही चौघांनीही वर पाहिलं. हॉलला छत होतं.